व्ह्यूज पुण्यात, मत गावात: स्थानिक निवडणुकीत मोबाइल वापरायची रीत

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स आणि डिझाइनचं दुकान आहे. निवडणूक लागली की दुकानाची पायरी उमेदवाराच्या आधी त्याचा भाचा चढतो. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये मामाची रील, रीलखाली चाळीस हजार व्ह्यूज. मागच्या ग्रामपंचायतीला असाच एक भाचा आला आणि म्हणाला, "भाऊ, आता फक्त गुलाल बाकी हाय." मामाला वॉर्डात सव्वाशेही मतं पडली नाहीत. नंतर दोघांनी बसून त्या रीलची आकडेवारी उघडली. बघणारे निम्म्याहून जास्त पुण्या-मुंबईचे आणि उरलेले कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले. वॉर्डातले मतदार होते सातशेच्या आसपास. त्यांतल्या किती जणांनी रील बघितली, ते इन्स्टाग्राम सांगत नाही.

पाटोद्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या या गावाचं नाव तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी राज्यभर नेलं, त्यांची भाषणं अजूनही घराघरांत मोबाइलवर वाजतात. तरी जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांच्या कन्येचा त्याच गावात पराभव झाला. त्यांच्या कामाला यानं कमीपणा येत नाही. ऐकणारा महाराष्ट्र आणि मत देणारा वॉर्ड यांचा हिशेब वेगळा असतो, एवढंच.

म्हणून हा लेख फॉलोअर वाढवायचा नाही. आपल्या यादीतल्या माणसापर्यंत फोनवरून कसं पोचायचं, त्यात पैसा, अब्रू आणि पद कसं सांभाळायचं, एवढंच यात आहे. माझा अनुभव ग्रामपंचायत आणि नगरपंचायतीचा, म्हणून उदाहरणंही तिथलीच.

फोनच्या आधी यादी

राज्य निवडणूक आयोग स्थानिक निवडणुकीसाठी नवी मतदार यादी करत नाही. ठरलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी असते, तीच प्रभागनिहाय फोडली जाते. आधी प्रारूप लागतं, हरकतींना काही दिवस मिळतात, मग अंतिम यादी. या फोडाफोडीत अख्ख्या गल्ल्या शेजारच्या वॉर्डात जातात. हरकतीच्या दिवसांत ज्यानं यादी वाचली नाही, त्यानं नंतर फेसबुकवर बोंब मारून उपयोग नसतो.

यादीची प्रत काढा आणि घरानुसार वही करा. संगणकावर केली तरी चालेल, पण मला शाळेची दोनशे पानी वही बरी वाटते. ती चार्जिंग मागत नाही. प्रत्येक नावापुढं एक खूण: गावात, पुण्यात, फडावर (म्हणजे ऊसतोडीला), सासरी गेलेली, मयत. मग घरातला फोन कुणाकडं असतो ते लिहा. आपल्याकडं चार मतं असलेल्या घरात मोठ्या स्क्रीनचा फोन बहुधा एकच असतो आणि तो लेकाकडं किंवा सुनेकडं. आजोबांकडं बटणाचा फोन. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप नाही, तुमचे पायच कामी येणार. वही पुरी झाली की दिसतं, सातशेच्या वॉर्डात फोनवरून गाठता येतील अशी घरं दीडशेच्या आसपास आहेत. एवढी घरं एका माणसाच्या आवाक्यात असतात.

नंबर कुठून आणायचे? घरी जाऊन मागायचे. रेशन दुकान, बचत गटाचं रजिस्टर, शाळेची पालक यादी, आशाताईंची वही, असले नंबर हातोहात मिळतात आणि तिथंच माणूस फसतो. लोकांनी ते नंबर वेगळ्या कामाला दिलेले असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो एका बाजूला ठेवा. गावात 'माझ्या सुनेचा नंबर तुला कुणी दिला?' हा प्रश्न कायद्याहून जड आहे. अंगणवाडीताई, आशाताई, रोजगार सेवक यांना तर प्रचाराच्या ग्रुपमध्ये घेऊच नका. तक्रार तुमच्यावर होते, बालंट त्यांच्यावर येतं.

घरी गेलात की तिथंच उभं राहून तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवून घ्या, गावात ज्या नावानं ओळखतात त्या नावानं. 'बप्पा वॉर्ड तीन' असं साठवलेलं चालेल. याला कारण आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण संदेश फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय. बाकीच्यांना काही जात नाही आणि ते तुम्हाला कळतही नाही. अर्ज भरायच्या महिनाभर आधी हे उरकलेलं असावं.

नंबर, ग्रुप आणि ॲडमिन

प्रचाराला वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप टाका. ते फुकट आहे आणि त्यात लेबलं लावता येतात: 'वस्ती', 'तांडा', 'पुणे', 'फड'. सहा आकडी पिन पहिल्याच दिवशी लावा. ऐन प्रचारात 'बप्पा, तुमच्या फोनवर आलेला आकडा सांगा बरं' असा गोड फोन येतो आणि आकडा सांगितला की तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हातात जातं. नवं सिम घेतल्या घेतल्या तीनशे अनोळखी नंबरांना एकच मजकूर पाठवला तर कंपनी नंबर बंद करते. नगरपंचायतीच्या एका उमेदवाराचा नंबर माझ्यासमोर चिन्ह मिळालेल्या संध्याकाळी बंद पडला, तो मतदानापर्यंत सुरू झालाच नाही. म्हणून हळूहळू, घरभेटीच्या वेगानं वाढवा.

ग्रुप तीनच असू द्या.

पहिला कामाचा. त्यात दहा-बारा माणसं, वॉर्डातल्या प्रत्येक गल्लीचं एक. यात फोटो नाही, शुभ सकाळ नाही. कुणाच्या घरी कुणी जायचं, काय राहिलं, एवढंच. हा ग्रुप फुटतो हे गृहीत धरा. गावात काका एका पॅनेलमध्ये, पुतण्या दुसऱ्यात, आणि रात्री जेवायला एकाच ताटात. त्यामुळं विरोधकानं वाचलं तर लाज वाटेल असं काही तिथं लिहू नका.

दुसरा वॉर्डाचा. याला सेटिंग 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' असं ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, वॉर्डाला ते पुरतं. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि बायका याच कारणानं बाहेर पडतात. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप चॅनल बरा, तिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. किंवा तिसरा ग्रुप फक्त बायकांचा, आणि तो बाईनंच चालवायचा. रात्री नऊनंतर त्यात संदेश नाही.

इथं थोडं आडवळण घेतो. पंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, २०११ पासून. माझ्याकडं जे डिझाइन येतं त्यात उमेदवार ताईंचा फोटो तिकिटाएवढा आणि शेजारी मालकांचा, कमरेपासून वर, हात जोडलेला. ताईंच्या नावानं जो नंबर छापतात तोही मालकांचा. अशा ठिकाणी मी एकच गोष्ट मागतो: ताईंच्या आवाजातलं अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून द्या. एकदा एका ताईंनी नळाला पाणी पहाटे चारला येतं यावर स्वयंपाकघरात उभं राहून चाळीस सेकंद बोलून दिलं. त्या ग्रुपवर तोवर कुणी उत्तर देत नव्हतं. त्या रात्री बायकांची अठरा उत्तरं आली, सगळी पाण्याच्या वेळेबद्दल.

गावचा जो जुना ग्रुप असतो, 'आमचं गाव' किंवा 'जय हनुमान मित्रमंडळ', त्यात प्रचार टाकू नका. तिथं मयतीचे, लग्नाचे, हरवलेल्या म्हशीचे निरोप येतात. लोकांना तो तसाच हवा असतो. सदस्यानं टाकलेल्या पोस्टबद्दल केवळ ॲडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, त्याचा त्यात सहभाग किंवा संगनमत दिसावं लागतं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये दिलाय. तरी ठाण्यातून पहिला फोन ॲडमिनलाच येतो. तेव्हा दोन ॲडमिन ठेवा, एक गावात, एक बाहेर राहणारा, आणि वाकडी पोस्ट आली की ती लगेच काढायची मुभा दोघांना द्या.

भावकीचा किंवा जातीचा ग्रुप काढायचा मोह होतो. काढू नका. त्याचा स्क्रीनशॉट तासाभरात दुसऱ्या भावकीत पोचतो आणि तुमची बाकीची सगळी वही पाण्यात जाते.

काय टाकायचं

ढोल-ताशा, संथ चाल, मागं गाणं, खाली 'किंगमेकर'. हे पोरांना आवडतं, मलाही त्याचे पैसे मिळतात, तरी सांगतो: वॉर्डात त्याचा काडीचा उपयोग नाही. लोक तुम्हाला लहानपणापासून ओळखतात. तुमची चाल त्यांना माहीत आहे.

चालतो तो आवाज. साधा व्हॉइस मेसेज, चाळीस सेकंदांच्या आत, गावच्या बोलीत. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे किंवा वाचता येत नाही, त्यांनाही तो पोचतो, आणि संध्याकाळी दिवसाचा डेटा संपलेला असला तरी डाउनलोड होतो. नमुना असा:

"राम राम मंडळी. वॉर्ड तीनमधून बोलतोय. काल स्मशानभूमीच्या वाटंवर ट्रॅक्टर फसला, तुमीबी बघितलं. ही वाट पंचायतीच्या आराखड्यात दोन वर्षांपासून लिहिलेली हाय, कागदाचा फोटो खाली टाकलाय. निवडून दिलं तर पहिल्या ग्रामसभेत हाच विषय घेतो. काय इचारायचं असंल तर आज राती आठला मारुतीच्या पारावर हाव."

यात तीन गोष्टी आहेत: लोकांनी डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट, एक कागद, आणि समोर भेटायची जागा. कागद कुठून? ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडत गेलं की पान उघडतं. तिथला फोटो तारखेसकट घ्या. मात्र 'एवढे लाख खाल्ले' असं लिहू नका. 'एवढा खर्च दाखवलाय, काम इथं आहे, बघून घ्या' एवढं पुरतं. पहिल्या वाक्यानं खटला होतो, दुसऱ्यानं चर्चा.

पंचायतीच्या हातात काय आहे ते नीट जाणा. पांदण रस्ता, नाली, दिवाबत्ती, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचं शेड, घरकुलाच्या यादीसाठी ग्रामसभा, हे आपलं. पीकविमा आणि अतिवृष्टीचं अनुदान सदस्याच्या हातात नसतं. २०२५ च्या सप्टेंबरात पुरानं शेतं खरवडून गेल्यावर ज्यांनी 'अनुदान मिळवून देऊ' म्हणून व्हिडिओ टाकले, त्यांना लोकांनी पारावर उभं राहून विचारलं, "कुठंय?" त्यापेक्षा केवायसीला कागद कोणते लागतात याचा एक स्वच्छ फोटो टाकणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात.

बोलीचंही बघा. बंजारा तांड्यावर त्यांच्या गोरमाटी बोलीत बोललेला एक संदेश दहा पोस्टरांवर भारी. शहरी वॉर्डांत दखनी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, निलंगा-उमरग्याच्या शिवेवर कन्नड. भाषांतर करून वाचायला लावू नका. त्या वस्तीतल्या माणसाला त्याच्या शब्दांत बोलू द्या, चुकलं तरी चालतं.

वेळ: पहाटे सहा ते सात आणि रात्री आठ ते साडेनऊ. दिवाळीनंतर कापसाची वेचणी, तुरीची राखण, रात्रीच्या लाइटीवर पाणी. दुपारी पाठवलेलं कुणी बघत नाही. दिवसाला एक संदेश, फार तर दोन. तिसऱ्याला लोक आवाज बंद करतात.

फॉरवर्डच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येतं, आणि खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. शिवाय वर 'फॉरवर्ड केलेला' अशी खूण येते आणि माणूस तो उघडत नाही. गल्लीच्या माणसानं स्वतः दोन ओळी लिहून पाठवाव्यात.

चिन्ह मिळाल्यापासून मतदानापर्यंत

हा काळ फार थोडा असतो. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला झालं आणि मतदान होतं २ डिसेंबरला. चिन्ह हातात आल्यावर डिझाइन सुरू करणारा तिथंच दोन दिवस हरतो. डिझाइन आधी करून ठेवा, चिन्हाची जागा तेवढी मोकळी. तारीखही वेगळ्या पट्टीत ठेवा. त्या वेळी काही ठिकाणचं मतदान ऐनवेळी २० डिसेंबरवर गेलं, आणि ज्यांनी प्रत्येक फोटोवर जुनी तारीख कोरली होती त्यांची पळापळ मी बघितली आहे. जुनी तारीख फिरत राहिली तर नुकसान उमेदवाराचंच.

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनेल एक असलं तरी चिन्हं वेगवेगळी पडू शकतात: सरपंचाला कपबशी, सदस्याला छत्री. शिवाय एका वॉर्डात दोन-तीन जागा, त्यात सरपंचाची वेगळी, आणि जागेनुसार मतपत्रिकेचा रंग वेगळा. म्हातारी माणसं पहिलं बटण दाबून मशीनपासून निघायला लागतात. या काळातला सगळ्यात कामाचा व्हिडिओ म्हणजे नमुना मतपत्रिका हातात धरून, 'एक इथं, दुसरं इथं, तिसरं इथं' असं बोट ठेवून दाखवणारा. वीस सेकंद. तो नातीनं आजीला दाखवावा, असं घरोघरी सांगून या.

फडावरची आणि पुण्याची मतं हा वेगळा विषय आहे. बीड, धाराशिव, जालन्याकडची माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पोरं चाकण, रांजणगाव, वाळूजला. फोनचा खरा उपयोग इथं होतो, कारण यांच्या दारात तुम्ही जाऊच शकत नाही. टोळीत एका-दोघांकडंच धड चालणारा फोन असतो, तेव्हा मुकादमामार्फत नको, त्या टोळीतल्या आपल्या गावच्या माणसाशी थेट बोला, रात्री खोपीवर परतल्यावर. तारीख, वेळ, केंद्र, यादीतला अनुक्रमांक, बस. भाडं देतो, गाडी पाठवतो, असं मात्र लिहू नका, बोलूही नका. मतासाठी असं देणं लाचेत मोडतं, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये ते आहे. आणि लोक फोनवरून पैसे टाकतात तेव्हा विसरतात की त्याची नोंद बँकेत तारीख-वेळेसकट राहते. पूर्वी पाकिटाला निदान तोंड नव्हतं.

पैसा आणि त्याचा हिशेब

वॉर्डाच्या निवडणुकीत फेसबुकची पैशाची जाहिरात घेऊ नका. वॉर्डाच्या हद्दीपुरती ती लावता येत नाही. ती हद्दीबाहेर पसरते आणि पैसे शेजारच्या गावातल्या लोकांना ती दाखवण्यात जातात. महापालिकेत, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, परभणी, लातूर, जालना या ठिकाणी प्रभाग मोठा असल्यानं थोडा उपयोग आहे. तिथंही आधी ओळखपत्र देऊन राजकीय जाहिरातीची परवानगी काढावी लागते, जाहिरातीवर पैसे कुणी दिले ते लिहून येतं, आणि ती कंपनीच्या खुल्या संग्रहात राहते. तुमचा विरोधक चहा पिता पिता तुमची जाहिरात कधीपासून चालू आहे ते बघू शकतो. परवानगीला काही दिवस जाऊ शकतात, म्हणून चिन्हाची वाट बघू नका. जाहिरातींना आधी मंजुरी देणारी आपल्याकडची सरकारी माध्यम प्रमाणन समिती वेगळी; तुमच्या निवडणुकीत कोणत्या जाहिरातीला पूर्वपरवानगी लागते ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तराची प्रत जपा.

खर्चाची मर्यादा सदस्यसंख्येनुसार किंवा संस्थेच्या वर्गानुसार असते. लोक फ्लेक्सचं बिल धरतात आणि मोबाइलचं सोडतात. डिझाइन, व्हिडिओ कापणं, ड्रोन, गाणं, जाहिरात, प्रचाराच्या सिमचा रिचार्ज, सगळं लिहा. आयोगाचं 'ट्रू व्होटर' नावाचं ॲप त्यासाठी आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. दिला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, आणि निवडून आलेलं पदही जाऊ शकतं. हरलेले तर हिशेब देतच नाहीत. पुढच्या वेळी अर्ज बाद झाला की माझ्या दुकानात जुनी बिलं शोधत येतात.

समर्थकांच्या उत्साहाला वेसण घालायचं एक कलम फार थोड्यांना माहीत आहे. न्याय संहितेचं १७६: उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय कुणी त्याच्या प्रचारावर खर्च केला तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड. सूट आहे, पण ती किती? दहा रुपयांची, आणि तीही दहा दिवसांत लेखी मान्यता घेतली तर. इंग्रजांच्या काळापासूनचा आकडा तसाच राहिलाय. तेव्हा भाच्यानं परस्पर चालवलेली जाहिरात, मित्रानं केलेलं गाणं, आधी कागदावर घ्या.

बूम, म्हणजे माइक, घेऊन फिरणारे यूट्यूबवाले येतील. मुलाखतीचं पॅकेज, विरोधकाची बातमी न दाखवायचं पॅकेज. नम्रपणे चहा पाजा आणि पाठवा. पैसे देऊन केलेली बातमी पकडली गेली तर तो खर्च तुमच्याच नावावर चढतो.

खोटं आलं तर पहिला तास

मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री अकराला येतं ते. बनावट राजीनामा, जुना भांडणाचा व्हिडिओ, किंवा अलीकडं तुमच्याच आवाजात जातीबद्दल केलेलं बोलणं, जे तुम्ही कधी बोललाच नाहीत.

तेव्हा असं करा. ज्या फोनवर आलं त्याच फोनवर स्क्रीनशॉट घ्या, पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ दिसेल असा. फेसबुकवर असेल तर दुवा उतरवून ठेवा. मूळ संदेश पुसू नका आणि तो फोनही विकू नका. पुढं कोर्टात गेलं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण विचारलं जातं. 'हे खोटं आहे' असं लिहून तीच क्लिप पुढं पाठवू नका, सगळे इथंच चुकतात. तुमच्या खुलाशासकट ती ज्यांना माहीत नव्हती त्यांच्याकडंही जाते. त्याऐवजी स्वतः कॅमेऱ्यासमोर, मागं गावची ओळखीची जागा दिसेल असं उभं राहून, तीस सेकंदांत सांगा की अमुक क्लिप माझी नाही, तक्रार दिली आहे. एकदाच. मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडं आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, पोच घेऊन. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं विधान केलं तर न्याय संहितेचं कलम १७५, तुमच्या नावानं खोटं खातं काढलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ क आणि ६६ ड. कुणी '६६ अ खाली आत टाकतो' असं धमकावलं तर हसून सोडा; ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलंय.

तुम्ही स्वतः एआयनं केलेलं गाणं किंवा चित्र वापरलं तर त्यावर तसं ठळक लिहा. भारत निवडणूक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षांना सांगितलं होतं की अशा चित्राच्या दिसणाऱ्या भागापैकी किमान दहा टक्के जागेत तशी खूण हवी. लोकसभा-विधानसभा त्या आयोगाकडं, आपली निवडणूक राज्य आयोगाकडं. पण माप म्हणून ते धरायला हरकत नाही. वारलेल्या नेत्याच्या तोंडी मत मागणारे व्हिडिओ मी करून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

जातीचं सांगायलाच हवं. आरक्षणाच्या वादानं २०२३ पासून आपल्या जिल्ह्यांत एका स्टेटसवरून माणसं एकमेकांच्या दुकानात जायची थांबली आहेत. समाजांत वैर पेटवण्याबद्दल आणि तशा अफवांबद्दल न्याय संहितेची कलमं १९६ आणि ३५३ आहेतच, पण गुन्हा नोंदेपर्यंत गावात जे व्हायचं ते होऊन जातं. कामाच्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी लिहून टाका: जातीवरून, सणावरून, महापुरुषांवरून कुणी काही टाकलं तर तो बाहेर, मग तो सख्खा मेहुणा असला तरी. आणि नेट बंद पडू शकतं हे धरून चाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत तसं झालं होतं. एकगठ्ठा एसएमएसला कंपन्यांकडं आधी नोंदणी लागते, ती एका दिवसात होत नाही. त्या दिवशी कामी येते ती शाळेची वही.

शेवटचे दोन दिवस

प्रचार कधी थांबतो, याची वेळ ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांना एकच नसते. आदेश वाचा आणि ती वेळ कामाच्या ग्रुपवर वर चिकटवा. थांबलं म्हणजे स्टेटसही थांबलं, आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्टही थांबल्या, चालू जाहिरातही हातानं बंद करायची. ती आपोआप थांबत नाही, आणि विरोधक त्याच मिनिटाची वाट बघत असतो.

मतदानाच्या दिवशी वॉर्डाचा ग्रुप गप्प. कामाच्या ग्रुपवर फक्त अनुक्रमांक: कुठल्या गल्लीतलं कोण राहिलं. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार नाही, तेव्हा छातीवर चिन्ह आणि हातात मोबाइल घेऊन दारात उभं राहू नका. मशीनसमोरचा फोटो कुणी पाठवला तर त्याला फोन करून काढायला लावा. मत गुप्त राहिलं पाहिजे आणि तो पोरगा विनाकारण ठाण्यात बसेल.

निकालाच्या रात्री पोरांच्या हातातून फोन घ्या, शब्दशः. डिवचणारं गाणं, हरलेल्याच्या घरासमोरचा गुलाल, त्याचं लाइव्ह. दुसऱ्या दिवशी त्याच घरापुढून दुधाची किटली घेऊन जायचंय.

मग राहतो ग्रुप. नंबर मागताना तुम्ही 'निवडणुकीपुरता' म्हणाला होता, तेव्हा आठ दिवसांनी एक संदेश टाका: हा ग्रुप आता ग्रामसभेच्या नोटिशीसाठी राहील, ज्यांना नको त्यांनी बाहेर पडावं, राग नाही. जिंकलात तर पहिली नोटीस त्यावरच लावा. हरलात तरी ग्रुप ठेवा, आणि पुढच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचं काय झालं ते तिथं लिहा. मला माहीत असलेल्या एका ग्रुपवर हरलेल्या बाई दर ग्रामसभेनंतर पाच ओळी लिहितात. सुरुवातीला त्यात तीनशे दहा जण होते. मागच्या महिन्यात मोजले, दोनशे नव्वद अजून आहेत.